शहराची वाट मोकळी करणारा नागरिक : नाना शंकरशेठ

माझे बालपण बालाघाटला गेले. मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, वैनगंगेच्या काठी वसलेले हे जिल्ह्याचे गाव. पलीकडे गोंदिया, म्हणजे महाराष्ट्र. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूरच्याच राजधानीखाली होता, आणि म्हणून आमच्याकडच्या कितीतरी घरांतून आजही मराठी बोलली जाते. आम्हा मुलांना आगगाडी म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून डुलत जाणारी गाडी. सगळे तिला छोटी लाइन म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत ती टाकली गेली. पण गाडी जिथे जात नाही अशी गावे जिल्ह्यात फार. तिथे सारी भिस्त बसवर.

माझी एक मामेबहीण अशाच एका गावाहून बालाघाटला महाविद्यालयात येत असे. प्रात्यक्षिकाचा तास पाच वाजता संपे आणि गावाकडची शेवटची बस साडेचारला सुटे. वर्षभर तिने ओढाताण केली. दुसऱ्या वर्षी विज्ञान सोडून ती कला शाखेत गेली आणि तिसऱ्या वर्षी घरीच बसली. तिच्या बुद्धीत काही उणे नव्हते. उणे होते ते एका बसचे. आम्ही घरातले सगळे हळहळलो. पण ती बस तासभर उशिरा सोडा, असे कोणाला सांगायचे आणि कोणी सांगायचे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

पुढे शिक्षकी पेशात आल्यावर एकोणिसाव्या शतकातील मुंबईविषयी वाचताना नाना शंकरशेठ यांच्या चरित्रापाशी मी थबकलो. त्यांचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते ते एका वाक्यापुरते : मुंबईत आगगाडी आणणाऱ्यांपैकी एक. मला मात्र त्यांच्या चरित्रात माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागले. शहराच्या वाहतुकीसाठी सांगायचे कोणी आणि कोणाला, हा तो प्रश्न. म्हणून या थोर पुरुषाची ओळख येथे करून देत आहे.

नानांचे पूर्ण नाव जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे. घराणे दैवज्ञ समाजातले, मूळ ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, व्यापारासाठी मुंबईत येऊन स्थिरावलेले. १० फेब्रुवारी १८०३ हा त्यांचा जन्मदिवस. वडील शंकरशेठ हे त्या काळच्या मुंबईतील मोठे व्यापारी व सावकार होते. १८२२ साली ते वारले, तेव्हा नाना विशीतही नव्हते. एवढ्या लहान वयात पेढीचा कारभार त्यांच्या अंगावर पडला आणि त्यांनी तो नेटाने सांभाळला. सचोटीमुळे त्यांच्या पेढीवर लोकांचा विश्वास बसला. हा विश्वास हेच नानांचे खरे भांडवल होते, असे मला वाटते. पैसा त्या मुंबईत पुष्कळांजवळ होता. परंतु सरकारी साहेब, पारशी व्यापारी आणि गिरगावातला सामान्य हिंदू गृहस्थ या तिघांनीही ज्याचा शब्द मानावा अशी माणसे थोडी होती.

या विश्वासाचा उपयोग नानांनी प्रथम शिक्षणासाठी केला. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात ते तरुणपणीच पडले. १८४० साली सरकारने शिक्षण मंडळ नेमले, त्यातही ते सभासद होते. या मंडळात एक वाद गाजला, तो आपल्या या द्वैभाषिक अंकाच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल सगळा भर इंग्रजीवर देण्याकडे होता. नाना इंग्रजीचे शत्रू नव्हते. ती विद्या आपल्या लोकांना मिळावी म्हणूनच ते झटत होते. परंतु बहुजनांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते देशी भाषेतूनच नेले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी अध्यक्षांसमोर न डगमगता मांडली. मुलींच्या शाळेसाठी १८४९ च्या सुमारास त्यांनी आपल्या वाड्यातच जागा दिली. लोकनिंदेचे भय असलेल्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

आता मुख्य विषयाकडे वळतो. त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. मूळची ही बेटे. भराव घालून ती जोडत आणली, तरी साष्टी बेटावर, म्हणजे वांद्रे-ठाण्याकडे, जायचे तर मधे खाडी. श्रीमंतांना पालखी आणि घोडागाडी, मध्यम स्थितीतल्यांना बैलाचा छकडा, आणि बाकीच्यांना पाय. ठाणे-कल्याणकडचा माल आणि माणसे होड्यांतून येत. देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरे, आणि पावसाळा लागला की वाट बंद. शहर वाढत होते, पण त्यात येण्याजाण्याची सोय ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडलेली होती. सार्वजनिक वाहतूक ही कल्पनाच रुजायची होती.

या बाबतीत पहिले पाऊल नागरिकांनीच टाकले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर सेतू बांधण्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, आणि १८४५ साली तो रहदारीस खुला झाला. ज्या वर्षी हा सेतू खुला झाला त्याच वर्षी जमशेटजी आणि नाना यांनी मिळून रेल्वेसाठी एक मंडळी उभी केली. इंडियन रेल्वे असोसिएशन असे तिचे नाव.

आगगाडीची कल्पना नानांच्या एकट्याच्या डोक्यातून निघाली, असे काही लेखांत लिहिलेले असते. ते बरोबर नाही आणि नानांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. १८४३ साली जॉर्ज क्लार्क नावाच्या इंग्रज इंजिनिअरने भांडुपला गेला असता मुंबई-ठाणे-कल्याण आणि पुढे घाटापर्यंत रूळ नेण्याचा विचार मांडला होता. तिकडे लंडनमध्ये जॉन चॅपमन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीसाठी खटपट करीत होते. मुंबईची मंडळी पुढे याच कंपनीत सामील झाली, आणि कंपनीच्या मुंबईच्या कारभारात ज्या मोजक्या भारतीयांना स्थान मिळाले त्यांत नाना होते. भांडवलही बहुतेक इंग्लंडातूनच आले. मग नानांनी आणले काय?

माझ्या मते नानांनी तीन गोष्टी आणल्या. पहिली म्हणजे मागणी. रेल्वे ही फक्त मँचेस्टरच्या कापूस-व्यापाऱ्यांची गरज नसून या शहरातील रहिवाशांनाही ती हवी आहे, हे सरकारला शहराच्याच माणसाकडून ऐकायला मिळाले. दुसरी म्हणजे विश्वास. लोखंडी रुळांवरून वाफेने धावणाऱ्या यंत्राविषयी लोकांत नाना शंकाकुशंका होत्या. हिंदू लोक जातिभेद सोडून एका डब्यात बसणार नाहीत, असे भाकीत शहाणे समजले जाणारे लोकही करीत होते. नानांसारखा धर्मनिष्ठ आणि प्रतिष्ठित गृहस्थ या उपक्रमात आहे, या एका गोष्टीने कित्येकांच्या मनातली भीती कमी झाली असली पाहिजे. तिसरी गोष्ट चिकाटी. १८४५ साली मंडळी निघाली आणि गाडी धावली १८५३ साली. मधली आठ वर्षे सभा, अर्ज, पत्रव्यवहार आणि वाट पाहणे यांत गेली. अशा कामात टाळ्या नसतात.

त्या आठ वर्षांत धोरण कसे ठरले तेही पाहण्याजोगे आहे. १८४९ साली विलायतेत कायदा होऊन कंपनी रीतसर स्थापन झाली, आणि त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. सरकारने जमीन फुकट द्यायची आणि भागीदारांना गुंतवलेल्या रकमेवर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी द्यायची, असे ठरले. आधी प्रयोग म्हणून थोड्या मैलांचा मार्ग बांधून पाहायचा होता. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली. जेम्स बर्कले हे मुख्य इंजिनिअर होते.

१६ एप्रिल १८५३ या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याकडे निघाली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि पुढे ३ इंजिने. २१ तोफांची सलामी झाली. दुतर्फा लोकांची दाटी होती. या गाडीतल्या प्रवाशांत नानाही होते. अंतर २१ मैलांचे, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. आमच्या बालाघाटहून गोंदियाला जावे तर याहून थोडे अधिक अंतर पडते. आज ते किरकोळ वाटते. पण त्या ३४ किलोमीटरांनी एक गोष्ट सिद्ध केली. लोकांसाठी गाडी सुरू झाली की लोक तिच्यात बसतात. जातिभेदाचे भाकीत खोटे ठरले. तिकीट काढून सर्व थरांतले लोक गर्दी करू लागले. १८५४ साली गाडी कल्याणला पोहोचली. १८६३ साली बोरघाटाचा मार्ग पुरा होऊन मुंबई आणि पुणे सलग जोडले गेले. या घाटाच्या कामात हजारो मजूर रोगराईने आणि अपघाताने मेले. आगगाडीचा गौरव करताना त्यांचे स्मरण ठेवलेच पाहिजे.

नानांचे सार्वजनिक जीवन एवढ्यावर संपत नाही. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, तिच्या स्थापनेत ते पुढे होते. भारतीयांना जस्टिस ऑफ द पीस हा मान खुला झाला तेव्हा तो मिळालेल्या पहिल्या काही गृहस्थांत त्यांची गणना होते. शहराचे रस्ते, सफाई, पट्टी यांचा विचार त्या काळी याच मंडळींकडे असे. गिरगावजवळच्या सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा लोकांच्या बाजूने तेच उभे राहिले. म्हणजे सरकारशी सहकार्य करायचे तेव्हा सहकार्य आणि विरोध करायचा तेव्हा विरोध, असा त्यांचा मार्ग होता.

हा मार्ग सुखाचा नव्हता. १८५७ च्या उठावात नानांवरच संशय आला. बंडवाल्यांशी त्यांचा संबंध आहे असा वहीम धरून पोलिसांनी चौकशी केली. त्यात काही निष्पन्न झाले नाही आणि ते निर्दोष ठरले. ज्या माणसाने आयुष्याची कित्येक वर्षे सरकारच्या मंडळांत बसून काम केले, त्याच्याच वाड्यावर पाळत राहावी, हे दुःख काय असेल याची कल्पना करावी. तरीही त्यांनी सार्वजनिक काम टाकून दिले नाही. १८६२ साली मुंबई कायदे मंडळात ज्या भारतीयांची प्रथम नेमणूक झाली त्यांत ते होते. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच महिन्याच्या आरंभी मुंबईचा नवा म्युनिसिपालिटीचा कायदा अमलात आला होता. शहराचा कारभार एका संस्थेच्या हाती येण्याची सुरुवात होत असताना शहराचा हा धुरीण गेला.

त्यांच्या स्मरणार्थ संस्कृतसाठी ठेवलेली जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती पुढे कित्येक पिढ्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांचे स्वप्न होऊन राहिली. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली होती. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये नानांचा पुतळा आहे. ग्रँट रोडजवळच्या चौकाला नाना चौक म्हणतात. तिथून रोज जाणाऱ्या लाखो लोकांना हे नाना कोण, ते ठाऊक असेलच असे नाही.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करू नये. रेल्वेच्या त्या कराराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाच टक्क्यांच्या हमीमुळे नफा भागीदारांचा आणि तोटा रयतेच्या तिजोरीचा, असा प्रकार झाला. काटकसरीने बांधण्याचे कारणच उरले नाही. दादाभाई नौरोजींसारख्या देशभक्तांनी पुढे संपत्तीच्या ओघळीचा जो हिशेब मांडला, त्यात रेल्वेवरील व्याजही येते. शिवाय गाडी कोणासाठी, हा प्रश्न राहिलाच. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे हाल इतके दीर्घकाळ चालले की १९१७ साली गांधीजींना त्यांवर लिहावे लागले. नानांनी वाट मोकळी केली. त्या वाटेवर सामान्य माणसाला मानाने बसायला मिळावे, हे काम पुढच्या पिढ्यांवर राहिले.

मुंबईने ते काम बऱ्याच अंशी पुढे नेले. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर आली, १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावली, १९२६ साली बस आली. या ट्राम-बस खाजगी कंपनीच्या होत्या. ऑगस्ट १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महानगरपालिकेने ती सेवा आपल्या ताब्यात घेतली. तीच आजची बेस्ट. शहराची बस ही शहराची जबाबदारी आहे, असे त्या निर्णयाने ठरले. माझ्या दृष्टीने १८४५ सालच्या त्या मंडळीपासून निघालेली वाट या निर्णयापर्यंत येऊन पोहोचते.

आता पुन्हा आमच्या बालाघाटकडे येतो. मुंबईची गोष्ट मुंबईची, लहान गावाला तिचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. नव्या शतकात छोटी लाइन टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि २०२१ पर्यंत गोंदिया-जबलपूर हा सगळा मार्ग मोठ्या रुळांचा झाला. ही मोठीच सोय. पण रूळ ज्या गावांना शिवत नाहीत त्यांचे काय? मध्य प्रदेशातील राज्य परिवहन महामंडळ २००५ च्या सुमारास बंद पडले आणि बससेवा खाजगी मालकांवर गेली. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा या नावाची नवी योजना मंजूर केली. केंद्राची २०२३ सालची पीएम ई-बस सेवा मुख्यतः तीन लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत बालाघाट शहराची वस्ती एक लाखाच्या आत होती.

कायद्याची पुस्तके चाळताना मला एक गमतीची गोष्ट सापडली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवण्याच्या कामांची यादी राज्यघटनेत घातली. तिच्यात रस्ते आहेत, पूल आहेत, बसथांबे आहेत. बससेवेचा मात्र उल्लेख नाही! म्हणजे थांबा पालिकेचा. त्या थांब्यावर बस किती वाजता येईल ते ठरवणारे दुसरेच. बसचा परवाना मोटार वाहन कायद्याप्रमाणे परिवहन प्राधिकरण देते, आणि परवान्याबरोबर वेळापत्रकाच्या अटी घालता येतात. माझ्या मामेबहिणीची बस साडेचारला सुटत होती ती काही दैवाने ठरवली नव्हती. ती कोणीतरी कागदावर ठरवली होती, आणि कागदावर ठरलेले कागदावरच बदलता येते. पण तसा कागद घेऊन कोणी गेलेच नाही. महाविद्यालयाला वाटले ते पालकांचे काम, पालकांना वाटले ते पुढाऱ्यांचे, आणि पुढाऱ्यांपर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही. मीही त्या न जाणाऱ्यांपैकीच एक होतो. हे कबूल करताना आज मला वाईट वाटते.

नानांच्या चरित्रातून मी एवढेच शिकलो. धोरण वर ठरते, हे खरे. पण खालून मागणारा, समजावणारा आणि पाठपुरावा करणारा माणूस नसेल, तर वर ठरलेले धोरण आपल्या गावात उतरत नाही. असा माणूस मंत्री किंवा आमदार असलाच पाहिजे असे नाही. नानांनी रेल्वेची खटपट सुरू केली तेव्हा ते कायदे मंडळात नव्हते; असे मंडळच तेव्हा भारतीयांना खुले नव्हते. ते एक नागरिक होते, एवढेच.

आपण सारे शेठ नाही. पण शेठजींनी वापरलेली तीन साधने आपल्यालाही वर्ज्य नाहीत : मागणी नीट मांडणे, दोन बाजूंचा विश्वास मिळवणे आणि उत्तर येईपर्यंत न कंटाळणे. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड बोलणारी मुले एकाच बसने येतात. बस चुकली की दोन्ही भाषांतली मुले सारखीच उभी राहतात. माझ्या विद्यार्थी मित्रांना माझे एकच सांगणे आहे. आपल्या वर्गातील किती जणांना शेवटच्या तासाआधी बससाठी उठून जावे लागते, हे एका वहीत लिहून काढा. गावाचे नाव, अंतर, बसची वेळ, तास संपण्याची वेळ, सगळे नोंदवा. ती यादी प्राचार्यांच्या सहीने परिवहन कार्यालयात आणि नगरपालिकेत द्या. महिन्याने पुन्हा जा. तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा. नानांना आठ वर्षे लागली होती. तुम्हाला तेवढी लागू नयेत.

माझ्या मामेबहिणीला आता मुलगी आहे. गेल्या वर्षी ती बारावी झाली आणि तिने विज्ञान शाखेत प्रवेश घेतला. तिचे प्रात्यक्षिकही पाच वाजताच संपते. या खेपेला तिच्या बसचा अर्ज मी स्वतः लिहिला आहे.